मधुमेहाच्या अभ्यासासाठी प्राणी-मॉडेल : खान्देशातल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

एम. फार्म.ला फार्माकॉलॉजी घेतलीय, सिनॉप्सिसमध्ये 'मधुमेहविरोधी परिणामाचा अभ्यास' असं लिहून झालंय आणि आता रॅटला हात लावायची वेळ आलीय, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. शिरपूर, जळगाव, धुळे, चोपडा, फैजपूर, नंदुरबार, कुठेही शिकत असाल तरी अडचणी जवळपास त्याच असतात. मी या वाटेने गेलोय. सीनियरने सांगितलेल्या अर्ध्या गोष्टी आणि पेपरमधल्या तुटक ओळी जोडत काम करावं लागतं, आणि त्यात रॅटही वाया जातात, सेमिस्टरही.

एक गोष्ट मी सुरुवातीलाच ठासून सांगतो. रॅटची नीट काळजी घेणं आणि खरा आकडा मिळवणं ही दोन वेगळी कामं नाहीत. घाबरलेल्या, उपाशी, उकाड्याने हैराण झालेल्या जनावराची शुगर त्या त्रासानेच बदलते. मग आपण औषधाचा परिणाम मोजतोय की त्रासाचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

१. आधी प्रश्न, मग मॉडेल

आपल्याकडे उलटं होतं. डिपार्टमेंटच्या फ्रीजरमध्ये मधुमेह घडवणाऱ्या स्ट्रेप्टोझोटोसिनची बाटली असते, म्हणून मॉडेल, म्हणजे रॅटमध्ये रोग उभा करायची पद्धत, तेच. तसं करू नका. तुमचा अर्क किंवा रेणू शरीरात नेमकं काय करेल असं तुम्हाला वाटतं, ते आधी एका वाक्यात लिहा. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींना वाचवेल? इन्सुलिनला स्नायूंचा प्रतिसाद वाढवेल? आतड्यातून ग्लुकोज शोषलं जाणं कमी करेल? की यकृतातली चरबी उतरवेल? मॉडेल त्या वाक्यावरून निवडायचं.

प्राण्यांची गरजच का, हा प्रश्न कॉलेजची नैतिकता समिती विचारते आणि विचारायलाच हवा. ग्लुकोजचा तोल स्वादुपिंड, यकृत, स्नायू, चरबी, आतडं आणि मेंदू मिळून सांभाळतात, आणि ही सगळी साखळी पेशींच्या डिशमध्ये उभी करता येत नाही. १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा या रोगाचा पत्ता लागला. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनीही इन्सुलिनचा परिणाम कुत्र्यांवरच दाखवला. पण अल्फा-अमायलेज, अल्फा-ग्लुकोसायडेज ही पिष्ट पचवणारी विकरं रोखण्याच्या चाचण्या किंवा पेशींमधलं ग्लुकोजचं शोषण हे काम परीक्षानळीत होतं. ते आधी उरका. तिथे काहीच न दिसलेला अर्क रॅटला पाजायला समिती सहजासहजी परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे.

आता मॉडेलं.

*एकच मोठा डोस स्ट्रेप्टोझोटोसिन.* हे रसायन ग्लुकोजसारखं दिसतं, म्हणून ग्लुट-२ या वाहकातून बीटा पेशीत शिरतं, तिथला डीएनए मोडतं आणि पेशी मरते. रॅटमध्ये साधारण ४५ ते ६५ मिलिग्रॅम प्रति किलो दिलं की इन्सुलिन जवळजवळ संपतं. म्हणजे हे टाइप १ च्या जवळचं चित्र झालं, तेही स्वतःच्या प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याशिवाय. तो हल्ला अभ्यासायचा असेल तर जपानमध्ये तयार झालेला एनओडी माउस लागतो. त्याला मधुमेह आपोआप होतो, आणि माद्यांमध्ये जास्त होतो.

*निकोटिनामाइड आणि स्ट्रेप्टोझोटोसिन.* निकोटिनामाइड १५ मिनिटं आधी दिलं की काही बीटा पेशी वाचतात आणि सौम्य, टिकणारी शुगर मिळते. मासिएलो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही पद्धत मांडली. क्रम उलटा झाला तर मॉडेलही उलटतं, एवढं लक्षात ठेवा.

*चरबीयुक्त आहार आणि कमी डोस.* आपल्या बहुतेकांचा प्रश्न टाइप २ चा असतो आणि त्याला हे मॉडेल सगळ्यात जवळचं आहे. आहाराने आधी इन्सुलिनचा प्रतिसाद बिघडतो, मग ३५ मिलिग्रॅमचा छोटा डोस बीटा पेशींना थोडाच धक्का देतो. मोहालीच्या नायपर या औषधशास्त्राच्या संस्थेतून २००५ साली आलेली कृती देशभर वापरतात : दोन आठवडे आहार, त्यातल्या सुमारे ५८ टक्के कॅलरी चरबीतून. तिथे चरबी म्हणजे लार्ड, डुकराची चरबी. आपल्याकडे ती मिळत नाही किंवा हाताळायची नसते, म्हणून वनस्पती तूप आणि खोबरेल तेल वापरतात. वापरा, पण ते स्पष्ट लिहा आणि लार्डवाल्या पेपरच्या आकड्यांशी आपले आकडे ताडून पाहू नका. चरबीचा प्रकार बदलला की परिणाम बदलतो.

*फ्रुक्टोज.* पाण्यातून १० टक्के किंवा आहारातून बरंच जास्त. ट्रायग्लिसराइड वाढतात, इन्सुलिनचा प्रतिसाद बिघडतो, पण उपाशीपोटी शुगर फारशी चढत नाही. चयापचयाच्या बिघाडासाठी हे मॉडेल उत्तम. 'मधुमेह' म्हणून मांडलंत तर परीक्षक धरतात.

*जन्मजात मॉडेलं.* ओबी/ओबी आणि डीबी/डीबी माइस, झुकर रॅट, गोटो-काकिझाकी रॅट. ओबी/ओबीत लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक तयारच होत नाही, डीबी/डीबीत लेप्टिन असतं पण त्याचा रिसेप्टर बिघडलेला असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतला डब्ल्यूएनआयएन/ओबी हा लठ्ठ रॅट आपल्याच देशातला, हे फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असतं. ही जनावरं महाग पडतात, पण नुसती नावं पाठ करू नका. कोणात काय बिघडलंय ते समजलं की तोंडी परीक्षेचा अर्धा भार हलका होतो.

अ‍ॅलोक्झान हेही बीटा पेशी मारणारं रसायन स्वस्त आहे म्हणून मोह होतो. मी तरी टाळायला सांगेन. उपयोगी डोस आणि मारक डोस यांत अंतर कमी, मूत्रपिंडाला इजा होते, आणि काही रॅट आपोआप बरे होतात. आपोआप उतरलेली शुगर मग तुमच्या अर्काच्या नावावर जमा होते.

यकृतातल्या चरबीवर काम असेल तर आणखी एक सापळा आहे. मेथिओनिन-कोलिन नसलेल्या आहाराने यकृत झटपट बिघडतं, पण जनावराचं वजन घटतं आणि इन्सुलिनला प्रतिरोध तयार होत नाही. माणसात मात्र हा आजार बहुतेकदा वजन वाढण्यासोबत येतो.

२. परवानगी आणि कागदपत्रं

परवानगीआधी एकाही रॅटला हात लावायचा नाही. 'पायलट करून बघू' हेसुद्धा नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे. तिला पूर्वी सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. तुमच्या कॉलेजातली नैतिकता समिती, म्हणजे आयएईसी, तिच्या नियमांनुसार चालते. रॅट आणि माइससाठी आयएईसीचीच मंजुरी लागते. बैठका वर्षातून मोजक्याच होतात, म्हणून तारीख आधी विचारा आणि सिनॉप्सिस त्या बेताने तयार करा. एक बैठक हुकली की काम महिनोनमहिने लांबतं.

हाताशी हवं ते :

- फॉर्म बी (परवानगीचा अर्ज), गाइडच्या सहीसह
- कॉलेजच्या ॲनिमल हाऊसचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत
- हेच मॉडेल का, प्राण्यांशिवाय का जमत नाही, आधी कुणी काय केलंय, यावर दोन पानं
- प्राण्यांच्या संख्येचं गणित
- वनस्पती असेल तर ओळख पटल्याचं प्रमाणपत्र आणि हर्बेरियम नमुन्याचा क्रमांक
- तीव्र विषारीपणाच्या चाचणीचे निकाल, किंवा ती या अर्जात धरली असेल तर तसा उल्लेख
- रॅट हाताळण्याचं प्रशिक्षण झाल्याचा दाखला
- जनावर कधी प्रयोगातून बाहेर काढायचं, त्याचे निकष

वनस्पतीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात हा विषय सगळ्यात जास्त येतो. सातपुड्यातली गुडमार, बिबला, जांभूळ किंवा जळगावकडचं केळफूल घेऊन बरेच जण येतात. बाजारातून आणलेल्या वाळक्या पाल्यावर काम सुरू करू नका. फुलासकट ताजा नमुना गोळा करा, गाव आणि महिना लिहा, आणि कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राकडून ओळख पटवून घ्या. पावरा किंवा भिल्ल वैदूकडून माहिती मिळाली असेल, तर त्यांना विचारून त्यांच्या ज्ञानाचा उल्लेख प्रबंधात करा. ती माहिती त्यांची आहे.

संख्येबद्दल. 'प्रत्येक ग्रुपात सहा' ही सवय आहे, कारण नव्हे. सोपं गणित असं : एकूण प्राणी वजा एकूण ग्रुप, उत्तर १० ते २० मध्ये यावं. पाच ग्रुप आणि प्रत्येकी पाच रॅट, म्हणजे २५ वजा ५, बरोबर २०. सहा-सहा घेतले तर ३० वजा ५, उत्तर २५ येतं, म्हणजे मर्यादेबाहेर. परिणाम किती मोठा अपेक्षित आहे हे आधीच्या पेपरवरून माहीत असेल तर पॉवर ॲनालिसिस (किती प्राणी पुरतील याचं संख्याशास्त्रीय गणित) करा, ते जास्त पटतं. इंडक्शनमध्ये, म्हणजे रॅटमध्ये मधुमेह घडवताना, काही रॅट जातात आणि काहींची शुगर चढत नाही, म्हणून १५ ते २० टक्के जास्तीचे कारण देऊन आधीच मागा. नंतर मागायला गेलात तर पुन्हा बैठकीची वाट बघणं आलं.

३. रॅट आणणं, आणि आपला उन्हाळा

नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्या. सोबत आरोग्याचा दाखला, वय, वजन आणि लिंग लिहून घ्या. मॉडेल उभं करायला बहुतेक जण नर घेतात, कारण माद्या स्ट्रेप्टोझोटोसिनला कमी दाद देतात. पण फक्त नर घेतले तर निष्कर्षही नरांपुरताच लिहा.

आता खान्देशचा खास प्रश्न. भुसावळ-जळगावचा मे महिना तुम्हाला मी सांगायला नको, पारा ४५ च्या आसपास जातो. प्रोजेक्टचं मुख्य काम नेमकं त्याच दिवसांत येतं. पुण्या-मुंबईहून गाडी निघणार असेल तर रात्रीची ठरवा आणि पहाटे उतरवून घ्या. आल्यावर किमान आठवडाभर वेगळं ठेवा आणि त्या काळात काहीही टोचू नका.

खोलीत २२ अंशांच्या आसपास तापमान आणि १२ तास उजेड, १२ तास अंधार हवा. एसी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो की फक्त दिवे, हे ऑफिसात विचारून घ्या. भिंतीवर कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर लावा आणि रोज सकाळी दोन्ही आकडे वहीत लिहा. उकाड्यात रॅट कमी खातात, वजन घटतं आणि शुगरही हलते. वहीत ती नोंद असेल तर एखाद्या आठवड्याचे विचित्र आकडे समजतात, नसेल तर नुसतं डोकं खाजवत बसायचं.

चरबीयुक्त आहार उन्हाळ्यात पटकन खवट होतो. आठवड्यापुरताच बनवा, फ्रीजरमध्ये ठेवा आणि पिंजऱ्यातला दर दोन-तीन दिवसांनी बदला. खवट आहार रॅट टाकतो, मग लठ्ठपणाऐवजी उपासमारीचं मॉडेल तयार होतं.

बेडिंग म्हणून आपल्याकडे मक्याच्या कणसाचा भुगा सहज मिळतो. चांगला आहे, पण रॅट तो खातात. उपाशी ठेवायच्या वेळी जाळीचा तळ असलेल्या किंवा दुसऱ्या बेडिंगच्या पिंजऱ्यात हलवा, नाहीतर तुमचा 'उपास' कागदावरच राहतो.

४. इंडक्शनचा दिवस

लागणारं साहित्य : फ्रीजरमध्ये उणे २० ला ठेवलेलं स्ट्रेप्टोझोटोसिन, ०.१ मोलर सायट्रेट बफर, पीएच मीटर, बर्फ, अ‍ॅल्युमिनियम फॉइल, इन्सुलिन सिरिंज, वजनकाटा, दुहेरी ग्लोव्हज, मास्क, पिवळी पिशवी. हे रसायन कर्करोगकारक आहे. भुकटी फ्यूम हूडमध्येच तोला आणि उरलेला द्राव सिंकमध्ये ओतू नका.

बफरचा पीएच ४.५ हवा, आणि तो त्याच दिवशी तपासा. रात्रभर ठेवलेल्या बफरवर विश्वास ठेवू नका. स्ट्रेप्टोझोटोसिन विरघळल्यावर मिनिटामिनिटाला मोडत जातं, म्हणून एकदम तीस रॅटचा द्राव कधीच बनवायचा नाही. सहा-सहाच्या तुकड्या करा. समजा २०० ग्रॅमचा रॅट आणि ५० मिलिग्रॅम प्रति किलो डोस, म्हणजे प्रत्येकी १० मिलिग्रॅम. सहांचे ६० मिलिग्रॅम फॉइल गुंडाळलेल्या नळीत आधी कोरडे तोलून ठेवा. रॅट ओळीने तयार, वजनं फळ्यावर, सिरिंज हातात, आणि मगच ३ मिलिलिटर थंड बफर घाला. आता अर्धा मिलिलिटर म्हणजे एक डोस. १० ते १५ मिनिटांत तुकडी संपवा. एक जण धरणारा, एक टोचणारा, एक वेळ आणि क्रमांक लिहिणारा, असे तिघं लागतातच. एकट्याने हे काम करू नका. कंट्रोल ग्रुपला नुसता बफर टोचायचा, काहीच न टोचणं हा कंट्रोल नव्हे.

सकाळी लवकर टोचा, त्यामागे कारण आहे. मरणाऱ्या बीटा पेशींमधून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि काही तासांनी शुगर धोकादायक खाली येते. बरेच रॅट त्या पहिल्या रात्रीच जातात आणि सकाळी सगळे 'डोस जास्त झाला' म्हणतात. टोचण्याआधी उपाशी ठेवले असतील तर टोचल्याबरोबर खाणं परत द्या आणि पाण्याच्या बाटलीत रात्रभर ५ ते १० टक्के ग्लुकोज ठेवा. संध्याकाळी थांबा, फेरी मारा, सुस्त पडलेल्या रॅटच्या तोंडात ग्लुकोजचे थेंब सोडा.

शुगर तिसऱ्या दिवशी मोजा, ७२ तासांनी. २५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलेले घ्यायचे, असा निकष बहुतेक ठिकाणी असतो. आठवड्याने पुन्हा मोजा आणि टिकलेलेच ग्रुपात टाका. चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकाने वाटा. हाताला येतील तसे उचललेत तर शांत, सहज सापडणारे रॅट एकाच ग्रुपात जमतात.

यानंतर पिंजऱ्याकडे बघण्याची पद्धत बदलावी लागते. मधुमेही रॅट दिवसाला १०० मिलिलिटरहून जास्त पाणी पितो आणि तितकंच बाहेर टाकतो. दुपारपर्यंत बेडिंग चिखल होतं आणि अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. बेडिंग रोज बदला, बाटल्या दोनदा भरा, रविवारीसुद्धा. ॲनिमल हाऊस सांभाळणाऱ्या आप्पांवर ते सोडून गावी जाऊ नका. त्यांच्याकडे चार विद्यार्थ्यांचे पिंजरे असतात. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडूनच शिका, ती म्हणजे रॅट धरणं. शांतपणे, खांद्याखालून, न आवळता. डोसिंग सुरू होण्याआधी आठवडाभर रोज नुसतं हाताळलंत तर पुढे मोजणीच्या वेळी रॅट घाबरत नाही.

५. शुगर मोजणं

माणसांचा ग्लुकोमीटर चालतो, पण एकच मीटर आणि एकाच बॅचच्या स्ट्रिप्स शेवटपर्यंत वापरा. मे महिन्यात स्ट्रिप्सची डबी गाडीच्या डिकीत ठेवली तर ती गेलीच समजा. बहुतेक मीटर ६०० च्या वर आकडा देत नाहीत, नुसतं 'हाय' दाखवतात. त्याला ६०० लिहून सरासरी काढणं चूक आहे. तो नमुना प्रयोगशाळेत जीओडी-पीओडी या ग्लुकोज मोजण्याच्या रासायनिक किटने करा.

शेपूट आधी कोमट पाण्यात बुडवा, पुसून पूर्ण कोरडी करा, टोकाला बारीक टोचा, पहिला थेंब पुसा आणि दुसरा स्ट्रिपला लावा. शेपूट पिळू नका, ऊतींतलं पाणी मिसळतं. दोन आठवड्यांत एकूण रक्ताच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त काढायचं नाही. २०० ग्रॅमच्या रॅटसाठी हे सव्वा मिलिलिटरच्या आसपास येतं. इन्सुलिनच्या एलायझासाठी (रक्तातलं प्रमाण मोजण्याच्या चाचणीसाठी) रॅटचंच किट घ्या, आणि लाल झालेला सीरम टाकून द्या, कारण फुटलेल्या रक्तपेशी इन्सुलिन मोडतात.

उपास किती तास, हे एकदा ठरवा आणि बदलू नका. हे निशाचर प्राणी आहेत, रात्रीच खातात. माउसला रात्रभर उपाशी ठेवणं म्हणजे आपल्याला दोन-तीन दिवस उपाशी ठेवण्यासारखं आहे. त्याला सकाळपासून ५-६ तास पुरतात. ओरल ग्लुकोज टॉलरन्सला २ ग्रॅम प्रति किलो ग्लुकोज पाजून ०, ३०, ६०, ९० आणि १२० मिनिटांना मोजतात. मधला १५ मिनिटांचा बिंदूही घ्या, उंची तिथेच दिसते.

भूल देताना सावध राहा. केटामिनसोबतचं झायलाझिन इन्सुलिनचा स्राव दाबतं आणि शुगर चढवतं. भूल दिल्यानंतर घेतलेली शुगर मधुमेहाच्या तक्त्यात टाकू नका.

६. डोसिंग आणि स्टँडर्ड औषध

माणसाचा डोस प्रति किलो तसाच रॅटला देता येत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने त्याला साधारण ६.२ ने गुणतात. तोंडातून १० मिलिलिटर प्रति किलोपेक्षा जास्त द्राव पाजू नका. ज्या व्हेईकलमध्ये, म्हणजे द्रावात, अर्क कालवला, तेच व्हेईकल कंट्रोल ग्रुपांनाही द्या.

स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं औषध, म्हणून सगळे डोळे झाकून ग्लिबेनक्लामाइड घालतात. हे औषध बीटा पेशींकडून इन्सुलिन सोडवून घेतं. ६५ मिलिग्रॅम स्ट्रेप्टोझोटोसिनने त्या पेशीच संपवल्या असतील तर ते काम कशावर करणार? अशा मॉडेलमध्ये इन्सुलिन हेच खरं स्टँडर्ड. निकोटिनामाइडच्या सौम्य मॉडेलला ग्लिबेनक्लामाइड शोभतं, चरबीयुक्त आहाराच्या मॉडेलला मेटफॉर्मिन. स्टँडर्ड औषधाने शुगर उतरलीच नाही, तर मॉडेल आणि औषध यांची जोडी आधी तपासा, मग अर्काबद्दल बोला.

आठवड्याला वजन, रोज खाणं-पाणी आणि वागणं लिहा. वजन २० टक्क्यांनी घटलं, पाठ कमान करून कोपऱ्यात बसला, अंग थंड पडलं, तर पशुवैद्यकाला दाखवा आणि निकषाप्रमाणे त्याला वेदनेतून सोडवा. 'अजून चारच दिवस राहिलेत' म्हणून ओढू नका. त्या रॅटचे शेवटच्या चार दिवसांचे आकडे तसेही कामाचे नसतात.

७. शेवटचा दिवस आणि नोंदी

सॅक्रिफाइसच्या, म्हणजे अवयव काढण्यासाठी रॅट मारण्याच्या, आदल्या दिवशी नळ्यांवर क्रमांक लिहून ठेवा, फॉर्मॅलिन भरा, पॅथॉलॉजिस्टला तारीख कळवा. स्वादुपिंड सगळ्यात आधी काढा. ते स्वतःच्याच विकरांनी विरघळायला लागतं आणि काही मिनिटांत बेटं, म्हणजे बीटा पेशी असलेले पुंजके, ओळखू येईनाशी होतात. त्यानंतर यकृत, मूत्रपिंड, चरबी. स्लाइड वाचणाऱ्याला ग्रुप सांगू नका, फक्त क्रमांक द्या.

प्रबंधात वंश, वय, लिंग, उपासाचे तास, बफरचा पीएच, टोचण्याचा मार्ग, किती रॅट घेतले, किती गेले आणि किती का वगळले, हे सगळं लिहा. ॲराइव्ह नावाची मार्गदर्शक यादी २०१० पासून आहे, २०२० मध्ये ती सुधारली. तिची प्रिंट काढून वहीत चिकटवली तर लिहिताना काही सुटत नाही. मेलेले रॅट लपवू नका. पुढचा विद्यार्थी त्यावरूनच आपला डोस ठरवणार असतो.

मृत जनावरं पिवळ्या पिशवीत घालून जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्या गाडीकडे द्यायची आणि पावती जपायची. फॉर्म डी, म्हणजे प्राण्यांच्या रजिस्टरमधल्या नोंदी आणि पिंजऱ्यांवरची कार्डं यांचा ताळा त्याच दिवशी, ॲनिमल हाऊस इनचार्जच्या सहीसकट पूर्ण करा. समितीची तपासणी आली की सगळ्यात आधी तेच रजिस्टर उघडतात.